टेस्ट संपतात पण फाइल उघडीच राहते, टेम्प फोल्डर डिलीट होत नाही: नेमकं कुठे बघायचं

हा त्रास दरवेळी वेगळ्या रूपात येतो, म्हणून ओळखायलाच वेळ जातो. कुणाकडे लिनक्सवर सगळ्या टेस्ट हिरव्या असतात आणि तोच कोड विंडोजच्या जॉबवर गेला की टीअरडाउनमध्ये (टेस्ट संपल्यावरच्या साफसफाईत) परमिशन एरर, विनएरर ३२, म्हणजे ही फाइल अजून कुठलीतरी प्रोसेस वापरतेय म्हणून काढता येत नाही. कुणाकडे एकेक टेस्ट सुटी चालवली तर पास, पण सगळा सूट एकदम लावला की मध्येच एरनो २४, टू मेनी ओपन फाइल्स, आणि ज्या टेस्टवर फुटतं तिने खरं तर एकच साधी फाइल उघडलेली असते. आणि कुणाकडे सीआयचं (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारं) मशीन काही आठवड्यांनी भरतं, एरनो २८, नो स्पेस लेफ्ट, मग कुणीतरी आत लॉगिन करून टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) साफ करतं, थोडे दिवस बरं चालतं आणि परत तेच.

तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: टेस्टने काहीतरी उघडलं आणि बंद केलं नाही. मशीन रीस्टार्ट करणं, यूलिमिट (एका प्रोसेसने किती फाइली उघड्या ठेवाव्यात याची मर्यादा) वाढवणं, टीएमपी साफ करायला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावणं, आरएमट्रीला (अख्खा फोल्डर काढणारं पायथनचं फंक्शन) इग्नोअर एरर्स ट्रू देणं, म्हणजे एररकडे दुर्लक्ष करायला सांगणं, हे सगळे उपाय उरलेल्या फोल्डरवर होतात, उघड्या राहिलेल्या फाइलवर होत नाहीत, म्हणूनच हा त्रास परत येतो. खालचं सगळं मी पायथन आणि पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) धरून लिहितोय कारण हे प्रश्न तिथेच सगळ्यात जास्त विचारले जातात, गो आणि जावावाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

लिनक्सवर का दिसत नाही

लिनक्स किंवा मॅकवर फाइल डिलीट करणं म्हणजे फक्त तिचं नाव डिरेक्टरीतून काढणं. फाइल कुणी उघडी धरून ठेवली असेल तरी नाव निघतं, कॉल यशस्वी होतो, टेस्ट पास होते, पण आतला डेटा तसाच डिस्कवर राहतो, शेवटचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलीला सिस्टम देते तो क्रमांक) बंद होईपर्यंत. दारावरची पाटी काढली तरी भाडेकरू आत राहतोय, तसं. विंडोजवर मात्र पायथनच्या ओपनने उघडलेली फाइल तसंच डिलीट करायला गेलं की सिस्टम सरळ नकार देते, कारण उघडताना डिलीट शेअर करायची परवानगी दिलेली नसते. म्हणून "विंडोजवरच फुटतं, विंडोजचाच प्रॉब्लेम आहे, स्किप करून टाका" असं जे म्हणतात ते मला पटत नाही. गळती दोन्हीकडे आहे, विंडोज ती बोलून दाखवतं एवढंच.

लिनक्सवर याची खूण बघायची असेल तर डीएफ आणि डीयू यांचे आकडे ताडून बघा. डीएफ म्हणतं डिस्क भरली, डीयू फोल्डर मोजून म्हणतं एवढा डेटा नाहीच आहे, तर मधला फरक बऱ्याचदा नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइलींचा असतो. एलएसओएफला (उघड्या फाइलींची यादी देणारी कमांड) प्लस एल १ हा पर्याय दिला की अशाच फाइली दिसतात, म्हणजे ज्यांची लिंक संख्या शून्यावर गेलीय पण कुणीतरी धरून बसलंय. किंवा प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारा फोल्डर) त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमध्ये जाऊन एलएस करा, पाथच्या पुढे डिलीटेड लिहिलेलं दिसेल. आणि टीएमपी जर टीएमपीएफएसवर असेल (फेडोरात १८ पासून तसं आहे, डेबियनमध्ये १३ पासून) तर ही जागा डिस्कची नाही, रॅमची जाते, मग तक्रार डिस्क भरल्याची न येता टेस्ट रनर मेमरी संपून मेला अशी येते आणि लोक भलत्याच ठिकाणी शोधत बसतात.

अजून एक, एरनो २८ आला आणि डीएफमध्ये भरपूर जागा दिसतेय तर डीएफला आय पर्याय देऊन आयनोड (प्रत्येक फाइलीसाठी लागणारी नोंद) बघा. टेस्टनी हजारो बारक्या बारक्या फाइली मागे टाकल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात, एरर मात्र तोच येतो. त्या वेळी डिस्क्रिप्टर शोधू नका, सरळ टीएमपीमध्ये कुठल्या नावाचे फोल्डर साचलेत ते बघा. टेम्पफाइल (तात्पुरत्या फाइली बनवणारं पायथनचं मॉड्यूल) वापरताना प्रत्येक ठिकाणी वेगळा प्रीफिक्स द्यायची सवय लावा असं मी सगळ्यांना सांगतो ते यासाठीच, नुसतं टीएमपी आणि पुढे आठ अक्षरं असल्या नावावरून कोणाचा फोल्डर आहे हे कधीच कळत नाही.

यूलिमिटबद्दल थोडक्यात. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा १०२४ डिस्क्रिप्टरची सॉफ्ट मर्यादा असते, मॅकच्या टर्मिनलमध्ये २५६, आणि कंटेनरमध्ये बऱ्याचदा खूपच मोठी. म्हणून मॅकवाल्याकडे फुटतं आणि सीआयवर नाही असं होतं, त्यात गूढ काही नाही. मर्यादा वाढवण्याऐवजी उलट करा, शोधायच्या वेळी यूलिमिट मुद्दाम खाली आणा, १२८ वगैरे, गळती असेल तर लवकर फुटेल आणि दोषी टेस्ट पण जवळपासच सापडेल.

दोषी शोधायची दोन हत्यारं, आणि दोन्ही लागतात

पहिलं म्हणजे रिसोर्स वॉर्निंग. पायथन ३.२ पासून फाइल बंद न करता तिचा ऑब्जेक्ट नष्ट झाला की ही वॉर्निंग निघते, पण डीफॉल्टमध्ये ती लपवलेली असते आणि साध्या पायटेस्ट रनमध्येही दिसत नाही, त्यामुळे कित्येक प्रोजेक्टवाल्यांना ती अस्तित्वात आहे हेच माहीत नसतं. पायथनला एक्स डेव्ह पर्याय देऊन चालवलं की दिसायला लागते. त्यातही नुसतं "अनक्लोज्ड फाइल" एवढंच कळतं, कुठे उघडली ते कळत नाही, त्यासाठी एक्स ट्रेसमॅलॉक बरोबर २५ असा आकडा द्या, मग वॉर्निंगखाली ती फाइल कोणत्या ओळीवर उघडली गेली तिथपर्यंतचा अख्खा माग मिळतो. रन हळू होतो, मेमरी जास्त जाते, पण शोधताना हेच सगळ्यात उपयोगी पडतं.

आता इथे एक खाच आहे. लोक फिल्टरमध्ये रिसोर्स वॉर्निंगला एरर करतात आणि म्हणतात तरी टेस्ट फेल होतच नाही. कारण ती वॉर्निंग ऑब्जेक्टच्या डेल मेथडमधून (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालते ती) निघते आणि तिथून उठलेलं एक्सेप्शन वर कुणाला पकडता येत नाही, पायथन ते फक्त छापून सोडून देतं. पायटेस्ट ६.२ पासून अशी न उठवता आलेली एक्सेप्शन पकडून त्यांची वेगळी वॉर्निंग करतं, तिचं नाव पायटेस्ट अनरेझेबल एक्सेप्शन वॉर्निंग, तर तिलाही एरर करावं लागतं. दोन्ही फिल्टर एकत्र टाका, एकट्याने काम होत नाही. आणि वॉर्निंग ज्या टेस्टच्या नावावर येते तीच दोषी असेल असं धरू नका, ऑब्जेक्ट सायकलमध्ये (एकमेकांना धरून ठेवणाऱ्या ऑब्जेक्टच्या गोलात) अडकला असेल तर गार्बेज कलेक्टर (न लागणारे ऑब्जेक्ट साफ करणारा, म्हणजेच जीसी) जेव्हा फिरेल तेव्हा ती निघते, आणि तोवर दहा टेस्ट पुढे गेलेल्या असू शकतात. ट्रेसमॅलॉकच्या मागावर विश्वास ठेवा, टेस्टच्या नावावर नको.

पण रिसोर्स वॉर्निंगला दोन गोष्टी कधीच दिसत नाहीत. एक, जी फाइल कुठल्यातरी ग्लोबल लिस्टमध्ये किंवा कॅशेमध्ये धरून ठेवलीय तिचा ऑब्जेक्ट नष्टच होत नाही, मग वॉर्निंग कुठून येणार. दोन, ओएसच्या ओपनने किंवा एमकेएसटेम्पने दिलेला डिस्क्रिप्टर हा नुसता एक आकडा असतो, आकडा स्कोपबाहेर गेला म्हणून कुणी रडत नाही. यासाठी दुसरं हत्यार, मोजणी.

कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टची सामाईक फाइल) एक ऑटोयूज फिक्स्चर (प्रत्येक टेस्टच्या आधी आणि नंतर आपोआप चालणारा कोड) लिहा. यील्डच्या (मध्ये टेस्ट चालते ती ओळ) आधी प्रॉक सेल्फ एफडी या फोल्डरमध्ये किती नोंदी आहेत ते मोजा, यील्डच्या नंतर जीसीचं कलेक्ट एकदा चालवून परत मोजा, वाढल्या असतील तर प्रत्येक नवीन नोंद कुठल्या पाथकडे बोट दाखवतेय ते रीडलिंकने वाचून छापा आणि टेस्ट फेल करा. मॅकवर हेच देव्ह एफडीमधून मोजता येतं पण तिथे पाथ असे वाचता येत नाहीत, विंडोजवर पीएसयूटिलचं ओपन फाइल्स वापरा. हे फिक्स्चर सगळ्यात आधी सेटअप व्हायला हवं म्हणजे सगळ्यात शेवटी उतरेल, नाहीतर दुसऱ्या फिक्स्चरने नीट बंद करण्याआधीच तुम्ही मोजाल आणि निर्दोष टेस्टवर आरोप येईल. पहिल्यांदा लावल्यावर काही टेस्ट फेल होतील ज्यांचा खरंच दोष नाही, इव्हेंट लूप पहिल्यांदा सुरू झाला, कनेक्शन पूल पहिल्यांदा बनला, असल्या गोष्टी एकदाच उघडतात आणि रनभर राहतात. ओळखायची पद्धत सोपी आहे, तीच टेस्ट एकाच रनमध्ये दोनदा चालवा. पहिल्या वेळी आकडा वाढला आणि दुसऱ्या वेळी नाही तर ती एकदाची तयारी आहे, दोन्ही वेळी वाढला तर गळती.

बहुतेक वेळा कोण सापडतं

सगळ्यात जास्त वेळा एमकेएसटेम्प. हे फंक्शन दोन गोष्टी परत देतं, आधीच उघडलेला डिस्क्रिप्टर आणि पाथ. लोक पहिली गोष्ट अंडरस्कोअरमध्ये टाकतात, पाथ घेऊन परत ओपन करतात, ते व्यवस्थित बंद करतात, फाइल डिलीट पण करतात, आणि पहिला डिस्क्रिप्टर तसाच उघडा राहतो. कोड रिव्ह्यूमध्ये एमकेएसटेम्पच्या डावीकडे अंडरस्कोअर दिसला की थांबा, ती गळतीच आहे. एकतर तो डिस्क्रिप्टर ओएसच्या एफडीओपनमध्ये देऊन विथमध्ये (ब्लॉक संपताच आपोआप बंद करणारी रचना) गुंडाळा किंवा लगेच ओएसच्या क्लोजने बंद करा. त्याहून चांगलं, टेस्टमध्ये एमकेएसटेम्प वापरूच नका, टीएमपी पाथ फिक्स्चर (पायटेस्ट प्रत्येक टेस्टला देतं तो वेगळा फोल्डर) घ्या आणि त्यात हव्या त्या नावाची फाइल बनवा. आणि एमकेटेम्प, ज्याच्या नावात एस नाही ते, तर २.३ पासूनच डेप्रिकेटेड आहे कारण नाव देणं आणि फाइल बनवणं यांच्या मध्ये दुसरं कुणी घुसू शकतं, तेही अजून जुन्या टेस्टमध्ये सापडतं.

नेम्ड टेम्पररी फाइल विंडोजवर फुटते ती वेगळ्या कारणाने. फाइल उघडी असतानाच तिचा पाथ तुम्ही दुसऱ्या फंक्शनला देता, ते परत उघडायला जातं आणि विंडोज नाही म्हणतं. मग लोक डिलीट फॉल्स करतात आणि नंतर डिलीट करायला विसरतात, झाली एक फाइल मागे. ३.१२ मध्ये डिलीट ऑन क्लोज नावाचा पर्याय आला, तो फॉल्स दिला की मधेच फाइल बंद करून पाथ दुसऱ्याला देता येतो आणि विथ संपलं की फाइल जाते. जुन्या व्हर्जनवर असाल तर टेम्पररी डिरेक्टरी घेऊन त्यात साधी फाइल बनवा, तेवढं पुरतं.

जेसॉन लोडच्या आत सरळ ओपन लिहिणं, हे तर सगळीकडे दिसतं, आणि "सीपायथनमध्ये रेफरन्स संपला की लगेच बंद होते" हे उत्तर पण सगळीकडे मिळतं. ते खरं आहे, पण सगळं सुरळीत झालं तरच. पायपायवर (सीपायथन म्हणजे नेहमीचं पायथन, पायपाय त्याला पर्याय) तर तेवढंही नाही. सीपायथनवर समजा तुमची टेस्ट खराब जेसॉन दिल्यावर एक्सेप्शन येतं का हे बघतेय, पायटेस्टच्या रेझेसमध्ये, आणि आलेलं एक्सेप्शन तुम्ही व्हेरिएबलमध्ये घेतलंय. त्या एक्सेप्शनला ट्रेसबॅक आहे, ट्रेसबॅकमध्ये जेसॉन लोडची फ्रेम (फंक्शनची व्हेरिएबल धरणारी नोंद) आहे, त्या फ्रेममध्ये फाइलचा ऑब्जेक्ट आहे, आणि त्याच ट्रेसबॅकमध्ये तुमच्या टेस्टची फ्रेम पण आहे जिच्यात ते व्हेरिएबल आहे, म्हणजे गोल पूर्ण झाला. आता टेस्ट संपली, पास झाली, तरी फाइल गार्बेज कलेक्टर येईपर्यंत उघडी. टीअरडाउनमध्ये फोल्डर काढायला गेलात की विंडोजवर विनएरर ३२. हे मी लांबवून सांगतोय कारण एरर पाथच्या टेस्टमध्येच गळती सापडते आणि साध्या टेस्टमध्ये नाही याचं कारण नेमकं हेच असतं, आणि लोक जीसी कलेक्ट टीअरडाउनमध्ये टाकून मोकळे होतात. ते चालतं, पण खरी दुरुस्ती म्हणजे ज्या कोडने फाइल उघडली त्यात विथ लिहिणं. बहुतेक वेळा ती ओळ टेस्टमध्ये नसतेच, तुमच्या प्रॉडक्शनच्या कोडमध्ये असते, आणि तिथे ती जास्त महाग पडते.

फेल झालेल्या टेस्टचंही असंच. पायटेस्ट शेवटचा ट्रेसबॅक डीबगरसाठी सांभाळून ठेवतं, त्याला फ्रेम लटकलेली, फ्रेमला फाइल लटकलेली. म्हणून एक टेस्ट फेल झाली की तिच्यामागे क्लीनअपचा पण एरर येतो आणि लॉगमध्ये शेवटी तोच दिसतो. लॉग वाचताना नेहमी पहिल्या एररपाशी जा, परमिशन एररच्या मागे लागू नका.

एसक्यूलाइटवाल्यांनी (एकाच फाइलीत राहणारा डेटाबेस) हे नीट वाचा. कनेक्शन विथमध्ये घेतलं म्हणजे शेवटी बंद होईल असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, आणि ते होत नाही. एसक्यूलाइट ३ मॉड्यूलच्या कनेक्शनचं विथ फक्त कमिट किंवा रोलबॅक करतं, कनेक्शन उघडंच राहतं. बंद करायचं असेल तर कॉन्टेक्स्टलिबच्या क्लोजिंगमध्ये गुंडाळा किंवा स्वतः क्लोज बोलवा. ३.१३ पासून बंद न केलेल्या कनेक्शनवरही रिसोर्स वॉर्निंग यायला लागली, म्हणून व्हर्जन वाढवल्यावर अचानक ढीगभर वॉर्निंग दिसल्या तर त्या नवीन गळत्या नाहीत, जुन्याच आहेत. आणि डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) असेल तर डेटाबेसच्या शेजारी डब्ल्यूएएल आणि एसएचएम नावाच्या दोन फाइली असतात, त्या टेस्टनंतर तशाच पडलेल्या दिसल्या की समजायचं कुठलं तरी कनेक्शन नीट बंद झालं नाही.

लॉगिंगचा फाइल हँडलर पण वारंवार निघतो. सेटअप लॉगिंग असं काहीतरी फंक्शन असतं, प्रत्येक टेस्ट ते बोलवते, प्रत्येक वेळी रूट लॉगरला अजून एक हँडलर चिकटतो, टेस्ट टेम्प फोल्डरमध्ये लॉग लिहितात, फोल्डर जातो पण लॉगर हँडलरला सोडत नाही. एक ओळ दहा वेळा छापली जातेय असं दिसलं की हेच. हँडलर लॉगरवरून काढा आणि वर क्लोज पण करा, नुसतं काढून भागत नाही.

पिलोचं (पायथनची इमेजची लायब्ररी) इमेज ओपन आळशी आहे, पिक्सेल लागेपर्यंत फाइल उघडी धरतं, आणि अनेक फ्रेमच्या इमेजमध्ये तर नंतरही धरून ठेवतं, तिथे विथ लावा. नमपायच्या एनपीझेड फाइलीचं लोड तसंच, विथ लावा.

सबप्रोसेसबद्दल (पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवणं) एवढंच सांगतो की कम्युनिकेटला टाइमआउट दिला आणि वेळ संपली तर चाइल्ड प्रोसेस मरत नाही, ती चालूच राहते आणि तिच्या हातातल्या फाइली पण. किल करा आणि परत एकदा कम्युनिकेट करा. सबप्रोसेसचं रन हे काम स्वतः करतं, पण शेल ट्रू असेल तर मरतं ते शेल, आतला खरा प्रोग्राम बऱ्याचदा जिवंत राहतो. विंडोजवर अशा चाइल्डचा करंट फोल्डर तुमचा टेम्प फोल्डर असेल तर तो फोल्डर निघणारच नाही, मग तुम्ही सगळ्या फाइली कितीही नीट बंद करा. टेस्टने स्वतः सीडब्ल्यूडी (करंट फोल्डर) बदललं असेल तरी तेच. लिनक्सवर फोल्डर निघतो आणि पुढच्या टेस्टमध्ये ओएस गेटसीडब्ल्यूडी वर फाइल नॉट फाउंड येतो, तिचा बिचारीचा काही दोष नसतो. मंकीपॅचचं सीएचडिर वापरा, ते परत आणून सोडतं.

दुरुस्ती करताना

जिथे उघडलं त्याच्या लगेच पुढच्या ओळीवर बंद करायची सोय हवी, खाली कुठेतरी टीअरडाउनमध्ये नको. युनिटटेस्टमध्ये (पायथनचं स्वतःचं टेस्ट मॉड्यूल) सेटअप अर्ध्यात फुटला तर टीअरडाउन बोलावलंच जात नाही, त्यामुळे सेटअपमध्ये तीन गोष्टी उघडल्या आणि तिसरी फुटली तर पहिल्या दोन लटकल्या. ॲड क्लीनअपचं तसं नाही, जेवढे नोंदवले तेवढे चालतातच आणि उलट्या क्रमाने चालतात, जे आपल्याला हवंच असतं कारण फोल्डर आधी बनतो, फाइल नंतर उघडते, म्हणजे बंद करताना फाइल आधी आणि फोल्डर नंतर. ३.११ पासून एंटर कॉन्टेक्स्ट आलंय, विथची गोष्ट सेटअपमध्ये एका ओळीत घेता येते.

पायटेस्टच्या फिक्स्चरमध्ये यील्डच्या आधी काही फुटलं तर यील्डच्या नंतरचा कोड चालत नाही, हे पण लोक विसरतात. यील्ड विथच्या आत ठेवा म्हणजे प्रश्नच मिटतो. किती गोष्टी उघडायच्या हे आधी माहीत नसेल तर एक्झिटस्टॅक (अनेक विथ एकत्र धरणारा) वापरा. आणि क्रमाची काळजी घ्या, डेटाबेस उघडणारं फिक्स्चर टीएमपी पाथ मागून घेत असेल तर पायटेस्ट आधी डेटाबेस बंद करेल मग फोल्डरकडे जाईल, पण पाथ ग्लोबलमधून किंवा एनव्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून उचलला असेल तर पायटेस्टला ते नातं कळत नाही आणि क्रम उलटा होऊ शकतो.

टीएमपी पाथबद्दल एक गैरसमज खूप आहे. टेस्ट संपल्यावर टीएमपीमध्ये पायटेस्ट ऑफ अमुक युजर असा फोल्डर दिसतो आणि लोक म्हणतात पायटेस्ट गळतंय. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, शेवटच्या ३ रनचे फोल्डर पायटेस्ट राखून ठेवतं म्हणजे फेल झालेल्या टेस्टमध्ये काय लिहिलं गेलं ते बघता यावं. पण टेस्ट जर रनमागे २ जीबी लिहीत असतील तर ६ जीबी कायम अडकलेले राहणार. ७.३ पासून यासाठी दोन सेटिंग आल्या, रिटेन्शन काउंट आणि रिटेन्शन पॉलिसी, पॉलिसी फेल्ड केली की पास झालेल्या टेस्टचे फोल्डर लगेच जातात आणि फक्त फेल झालेल्यांचे राहतात, मोठ्या सूटला मी हेच सुचवेन. बेसटेम्प पर्याय वापरत असाल तर सांभाळून, तिथे दिलेला फोल्डर पायटेस्ट रनच्या आधी पुसून टाकतं, चुकून खऱ्या डेटाचा पाथ दिला तर तोही जाईल.

आता ज्याला कुठलाच विथ वाचवू शकत नाही ते. सीआयने टाइमआउटवर सिगकिल (प्रोसेस तत्काळ मारणारा सिग्नल) मारला की फायनली नाही, ॲटएक्झिट नाही, काहीच चालत नाही. सिगटर्मवर (थांबायला सांगणारा सिग्नल) पण पायथन डीफॉल्टमध्ये तसाच मरतो, हँडलर लावून त्यात सिस्टम एक्झिट उठवलं तरच क्लीनअप चालतो. म्हणून सेल्फ होस्टेड रनरवर (जॉब चालवणारं तुमचं स्वतःचं मशीन) प्रत्येक जॉबला स्वतःचा टीएमपीडीआयआर द्या, टेम्पफाइल मॉड्यूल सगळ्यात आधी तेच व्हेरिएबल बघतं, आणि जॉब सुरू होताना तो फोल्डर पुसा. संपताना पुसण्यापेक्षा सुरू होताना पुसणं जास्त भरवशाचं, कारण संपतानाची पायरी मारली जाऊ शकते. सिस्टमडीची (लिनक्सच्या सेवा सांभाळणारा प्रोग्राम) मूळ सेटिंग टीएमपीमधलं १० दिवसांनी आणि व्हार टीएमपीमधलं ३० दिवसांनी साफ करते, पण रोज शेकडो जॉब चालणाऱ्या मशीनला १० दिवस फार झाले.

डॉकरमध्ये टेस्ट रूट म्हणून चालवता आणि वर्कस्पेस बाहेरून माउंट केलेला असेल तर आत बनलेल्या फाइली बाहेर रूटच्या नावावर राहतात, मग बाहेरचा रनर त्या काढू शकत नाही आणि पुढचा जॉब चेकआउटलाच मरतो. कंटेनरला यूझर पर्याय द्या. गिटची रेपो बनवणाऱ्या टेस्टमध्ये ऑब्जेक्ट फाइली रीडओन्ली असतात, विंडोजवर त्या काढताना विनएरर ५ येतो, ३२ नाही. हा फरक लक्षात ठेवला तर अर्धा वेळ वाचतो: ३२ म्हणजे कुणीतरी धरलीय, ५ म्हणजे बहुतेक परवानगी नाही. ५ साठी आरएमट्रीला हँडलर देऊन त्यात सीएचमॉड करून (म्हणजे परवानगी बदलून) परत काढा, ३.१२ पासून त्या हँडलरचं नाव ऑनएक्सक आहे, जुनं ऑनएरर डेप्रिकेट झालंय. लिनक्सवर फाइल रीडओन्ली असली तरी निघते, अडतं ते फोल्डरलाच लिहायची परवानगी नसेल तर, म्हणून परवानग्या तपासणाऱ्या टेस्टने फोल्डरचा मोड पूर्ववत करूनच बाहेर पडायचं.

इग्नोअर एरर्सबद्दल माझं मत स्पष्ट आहे, टेस्टच्या क्लीनअपमध्ये ते टाकू नका. क्लीनअप फेल होणं ही तुम्हाला फुकट मिळालेली खबर आहे की कोड फाइल सोडत नाहीये, आणि हाच कोड सर्व्हरवर दिवसच्या दिवस चालणार आहे. विंडोजवर अँटिव्हायरस क्षणभर फाइल धरतो हे खरं, त्यासाठी थोडं थांबून दोन तीनदा परत प्रयत्न करा आणि तरी नाही झालं तर फुटू द्या. टेम्पररी डिरेक्टरीला ३.१० पासून इग्नोअर क्लीनअप एरर्स आहे, तो फक्त तिथे वापरा जिथे फाइल धरणारी लायब्ररी तुमच्या हातात नाही, आणि शेजारी कॉमेंटमध्ये त्या लायब्ररीचं नाव लिहा.

गोवाल्यांकडे टी टेम्पडिर १.१५ पासून आहे आणि तो फोल्डर काढता आला नाही तर टेस्टच फेल करतो, मला हा निर्णय फार आवडतो. तिथे दोन खाचा: टेस्टमेनमध्ये ओएस एक्झिट बोलावलं की डिफर चालत नाहीत, आणि टेम्प फोल्डरमध्ये मॉड्यूल कॅशे बनवली तर तिचे फोल्डर रीडओन्ली असल्यामुळे परमिशन डिनाइड येतो, त्याला मॉडकॅशेआरडब्ल्यू फ्लॅग आहे. जावात जेयूनिट ५.४ पासून टेम्पडिर ॲनोटेशन आहे, आणि तिथला नेहमीचा दोषी म्हणजे फाइल्सचं लिस्ट किंवा वॉक, ते स्ट्रीम परत देतात आणि तो स्ट्रीम ट्राय विथ रिसोर्सेसमध्ये बंद करावा लागतो, नाहीतर डिरेक्टरी उघडी राहते. डिलीट ऑन एक्झिट फोल्डरवर लावलं तर तो रिकामा असेल तरच निघतो.

जुन्या मोठ्या प्रोजेक्टमध्ये हे सगळं एका दिवसात चालू करू नका, शेकडो टेस्ट लाल होतील आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी फिल्टर काढून टाकेल. आधी फक्त वॉर्निंग दिसू द्या, ट्रेसमॅलॉकच्या मागावरून उघडणाऱ्या ओळींची यादी करा, बहुतेक वेळा शेकडो वॉर्निंग चार पाच ओळींतूनच येत असतात, एखादं हेल्पर फंक्शन आणि एखादं जुनं फिक्स्चर. ते नीट करा, मग एकेका फोल्डरच्या टेस्टला एरर फिल्टर लावत जा, आणि विंडोजचा एक जॉब सीआयमध्ये ठेवाच, प्रॉडक्ट लिनक्सवर चालत असलं तरी.